तिसऱ्या भोकातलं फडकं

मित्रांनो, मी एक जुनी जपानी स्पोर्ट्स गाडी आहे. पण माझ्यातलं सगळंच माझं नाही. माझा डावा मागचा दिवा एका न्हाव्याच्या दुकानातून आला. तिथे तो आरशावर टांगलेला होता आणि त्याच्या लाल उजेडात लोक दाढी करून घ्यायचे. माझ्या गिअरची मूठ एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या टेबलावर कागद दाबून बसलेली असायची. ती अजूनही जरा शिस्तीतच वागते. त्यामुळे ही हकिकत सांगताना मी 'मी' म्हणते, तेव्हा त्यात बऱ्याच जणांची सही आहे असं समजा.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. सगळ्यात शेवटी पांढरे हातमोजे घातलेल्या एका गृहस्थांनी माझं दार एकदा उघडलं, लावलं, त्याचा आवाज ऐकला आणि मान डोलावली. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक. मग मला जहाजात घातलं. प्रवासाबद्दल फार सांगण्यासारखं नाही, सगळा वेळ मी एका ट्रॅक्टरशेजारी उभी होते आणि तो बोलत नव्हता.

मला ज्यांनी घेतलं त्यांना सगळे मामा म्हणतात. मामा जमीन मोजण्याच्या खात्यात होते. आठवडाभर रस्ते मोजायचे आणि रविवारी ते बरोबर मोजलेत की नाही हे माझ्या मदतीने फार वेगाने तपासायचे. माझे सहा सिलिंडर, तीन कार्बोरेटर आणि मामांचे वाऱ्यावर उडणारे केस पाहायला पोरं कुंपणावर चढायची. एका आजोबांनी माझा आवाज ऐकून टोपी काढली होती. नंतर कळलं की त्यांना डोकं खाजवायचं होतं, पण मी ते मानाचंच धरलं आहे.

मग एका उन्हाळ्यात माझ्यातलं पाणी आटलं. तापमानाचा काटा लाल रेघेवर गेला. मामांनी काचेवर टिचकी मारली आणि म्हणाले, "काटा अडकलाय." काटा अडकला नव्हता. तीन मैलांनंतर माझ्या इंजिनाचं हेड, म्हणजे झडपा ज्यात असतात तो वरचा भाग, तडकला. मला ढकलत शेडमध्ये आणलं आणि अंगावर ताडपत्री टाकली. त्यानंतर चौदा वर्षं माझ्यावर घडीच्या खाटा, फाटकी गादी आणि मांजरांच्या चार पिढ्या होत्या.

शेडच्या पुढच्या बाजूला मामांच्या भाचीने दवाखाना काढला. ती दातांची डॉक्टर. एकदा मोडकी खुर्ची ठेवायला ती शेडमध्ये आली, ताडपत्रीचं टोक उचललं आणि बराच वेळ तशीच उभी राहिली.

"पोरी, तिचा नाद सोड," मामा दारातून म्हणाले. "तिचे पार्ट जगात मिळत नाहीत."

"लोक माझ्याकडे एक दात घेऊन येतात मामा, आणि बत्तीस घेऊन जातात. हिचं तर सगळं जागेवर आहे."

"हेड तडकलंय."

"ते मी लोकांचंही रोज बघते."

तिने मिस्त्रीकाकांना बोलावलं. काकांनी चाळीस वर्षं फक्त जुनी इंजिनं उघडली होती आणि सगळी परत बंद केली होती. या दुसऱ्या गोष्टीचा त्यांना जास्त अभिमान होता. त्यांचा एक नियम होता. इंजिन उघडलं की प्रत्येक उघड्या भोकात फडकं कोंबायचं, म्हणजे आत एखादा नट पडत नाही. जोडण्याआधी फडकी मोजून काढायची. जितकी घातली तितकी बाहेर, मगच पुढचं काम. फडकी ते आपल्या जुन्या लाल चौकड्याच्या शर्टाची करायचे. "मोजलं की संपलं," असं ते म्हणत, आणि चाळीस वर्षं ते खरंही होतं.

सगळं मिळालं, हेड मिळेना. डॉक्टरांनी सतरा गावांना पत्रं लिहिली. एका ठिकाणाहून उत्तर आलं की हेड आहे, पण त्यात सध्या झेंडू लावलाय. शेवटी ते निघालं एकाच माणसाकडे, ज्याला या धंद्यात सगळे 'वारसदार' म्हणतात. कुठे जुनी गाडी आजारी आहे असं कानावर आलं की हा माणूस मोजपट्टी आणि सुतकी चेहरा घेऊन हजर. तो काही विकत नाही, अदलाबदल करतो.

"हेड घ्या," तो म्हणाला. "गाडी सुरू झाली तर ते तुमचं. महिनाअखेरपर्यंत नाही झाली, किंवा होता होता इंजिन फुटलं, तर बाकीची गाडी माझी. आठ गिऱ्हाइकं वाट बघतायत. एकाला तर नुसता आरसा हवाय."

डॉक्टरांनी काकांकडे पाहिलं. काकांनी मान हलवली. मामांनी कुणाकडेच पाहिलं नाही. आणि असं माझं सगळं अंग एका हेडपायी पणाला लागलं.

आता खरी गोष्ट ऐका.

डॉक्टर काम करायच्या ते पेशंटच्या मधल्या वेळात. पेशंटला भूल दिली की ती चढायला दहा मिनिटं लागतात, तेवढ्यात त्या मागच्या दाराने शेडमध्ये येऊन चार नट आवळून जायच्या. आत माणूस सुन्न गालाने छताकडे बघत बसलेला. कुणाची कधी तक्रार आली नाही, कारण कुणाला बोलताच येत नव्हतं.

हेड बसलं त्या दिवशी काकांनी हवेच्या सहा भोकांत सहा लाल फडकी कोंबली आणि चहाला गेले. तिसऱ्या भोकातलं फडकं जरा लहान होतं. ते घसरून पार आत, वळणापलीकडे गेलं. तेवढ्यात डॉक्टर आल्या. बघतात तर तिसरं भोक उघडं. त्यांनी खिशातला दवाखान्याचा नॅपकिन काढला, घडी करून त्यात नीट कोंबला आणि पळाल्या, कारण आत भूल चढली होती. चांगलं केलं या समाधानात त्या विसरूनही गेल्या.

मित्रांनो, आता माझ्यात सात होती. हे या जगात एकट्या मला ठाऊक होतं.

शेवटच्या तारखेला सकाळी वारसदार टेम्पो घेऊन आला. आल्या आल्या त्याने माझ्या अंगावर दोऱ्याने चिठ्ठ्या बांधायला सुरुवात केली. दार, डावं. दार, उजवं. चाकं, चार.

"अजून जिवंत आहे ती," डॉक्टर म्हणाल्या.

"माझी घाई नाही. नुसतं लिहून ठेवतोय."

काकांनी त्या सहा भोकांवर तिन्ही कार्बोरेटर बसवायला घेतले. चष्मा कपाळावर, नजर गॅस्केटवर, हाताने एकेक फडकं उपसून मागच्या ताटलीत टाकत होते आणि मोठ्याने मोजत होते. "एक. दोन. तीन." तीन म्हणताना त्यांच्या हातात नॅपकिन होता. पण दोन आठवड्यांच्या तेलाने आणि धुळीने तो फडक्यांइतकाच काळा पडला होता, आणि काकांचं काम मोजायचं होतं, बघायचं नव्हतं. "चार. पाच. सहा. मोजलं की संपलं."

त्यांनी कार्बोरेटर आवळले. माझ्या तिसऱ्या नळीत सातवं फडकं बसलं होतं, आणि नळीच्या टोकाला नवी झडप. इंजिन सुरू झालं की ते आत ओढलं जाणार, झडपेत अडकणार, झडप उघडीच राहणार आणि खालून येणारा पिस्टन तिच्यावर आपटणार. तशी झडप आता कुठल्याच न्हाव्याकडे नाही.

काकांची पद्धत अशी की आधी प्लग न लावताच इंजिन नुसतं फिरवायचं, म्हणजे तेल सगळीकडे पोचतं. तसं फिरवलं. प्लगच्या भोकांतून हवेचे फूत्कार निघू लागले. फुस, फुस, मग एक रिकामी जागा, फुस, फुस, फुस. फडक्याचं टोक झडपेखाली आलं होतं. तो सिलिंडर मुकाच राहिला. इंजिन इतकं सावकाश फिरत होतं म्हणून अजून काही वाकलं नव्हतं.

मामा दाराशी खुर्चीत बसले होते. त्यांना आता नीट दिसत नाही, पण कान शाबूत आहेत. "एकजण गैरहजर आहे," ते म्हणाले.

"पिस्टनच्या नवीन रिंगा आहेत मामा," काका म्हणाले. "बसायला वेळ लागतो. चालू झालं की बोलेल."

"काटा अडकलाय, असं मीही म्हणालो होतो."

काकांचा चेहरा उतरला. वारसदार लगबगीने मध्ये पडला. "काकांचा हात आहे तो. चाळीस वर्षांचा. मारा सेल्फ, बघू तरी." इतक्या प्रेमाने तो आजवर कुणाशी बोलला नव्हता.

काकांनी सहाही प्लग लावले. डॉक्टर चाकामागे बसल्या आणि किल्ली लावली. बॉनेट वर होतं, त्याच्या खालच्या फटीतून त्यांना काकांचे फक्त हात दिसत होते.

गाडीच्या हातात काय असतं, सांगा. मला ओरडता येत नाही. हॉर्न आहे, पण तो दुसऱ्याने वाजवावा लागतो. मी जीव खाऊन विचार केला आणि मला जे एकच येतं ते केलं. तेल गाळलं. इंजिनाच्या झाकणाच्या कडेवरून एक थेंब ओघळला आणि काकांच्या मनगटावर पडला.

"बघा, अंगात जान आहे," काका म्हणाले. मला तसं म्हणायचं नव्हतं. त्यांनी पुसायला ताटलीतून हाताला येईल ते फडकं उचललं आणि झटकून उलगडलं. आतली बाजू पांढरीशुभ्र. मधोमध निळ्या रंगात एक हसरी दाढ, आणि खाली दवाखान्याची वेळ.

"हं डॉक्टर, मारा सेल्फ," ते मनगट पुसत म्हणाले.

डॉक्टरांची बोटं किल्लीवर होती. त्यांनी ती फिरवली नाही.

"मारा की."

"काका, हातात काय आहे?"

"फडकं."

"ताटलीत लाल किती आहेत?"

"सहा आहेत. मोजलीत मी."

"लाल किती?"

काकांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. ताटलीत बोट फिरवलं. एकदा, मग परत एकदा. आत दवाखान्यात सुन्न गालाचा एक पेशंट काहीतरी विचारत होता, पण ते कुणाला कळण्यासारखं नव्हतं.

"पाच," काका म्हणाले.

"तो नॅपकिन मी घातला होता. तिसऱ्यात. मला ते रिकामं दिसलं. तुम्हाला सांगायचं राहिलं."

काका खाली स्टुलावर बसले. "म्हणजे मी किल्ली फिरवायला सांगत होतो," ते नॅपकिनवरच्या दाढेला उद्देशून म्हणाले.

वारसदाराने घसा साफ केला. "आज तारीख आहे. आता सगळं परत खोलायचं म्हणजे..."

"आजची तारीख रात्री बारापर्यंत असते," मामा म्हणाले. "मी मोजणी खात्यात होतो. तुम्ही बसा."

दोन तास लागले, त्यात आतल्या पेशंटला मोकळं करून येण्याचा वेळही धरला. कार्बोरेटर उतरवल्यावर डॉक्टरांनी दवाखान्यातून लांब चिमटा आणि छोटा आरसा आणला, कपाळावर दिवा बांधला आणि माझ्या तिसऱ्या भोकात वाकल्या. "आ करा," त्या सवयीने म्हणाल्या. मी आधीच केला होता.

फडकं झडपेखाली घट्ट धरलेलं होतं. काकांनी हाताने इंजिन केसभर फिरवलं. "सोडलं?" "नाही." "आता?" "अजून थोडं. थांबा. थांबा म्हटलं ना काका." मग ते आलं, एक कोपरा चावून चोथा झालेला. पण कोपरा तिथेच होता, आत तुटून राहिला नव्हता. काकांनी फडकं मांडीवर पसरलं आणि चारही टोकं बोटाने तपासली. या वेळी मोजलं नाही.

झडप वाकली होती का, ते मात्र त्यांना बाहेरून दिसत नव्हतं. प्लग पुन्हा काढले. झडप नीट मिटत असेल तर हवा अंगठ्याला ढकलणार, म्हणून काकांनी प्लगच्या तिसऱ्या भोकावर अंगठा दाबून धरला. डॉक्टरांनी इंजिन फिरवलं. एक फेरा गेला. काही नाही. दुसऱ्या फेऱ्याला हवेने काकांचा अंगठा बाहेर फेकला.

"हजर," मामा म्हणाले.

सगळं परत जोडल्यावर मला सुरू व्हायला तीन प्रयत्न लागले. पहिल्यांदा मी नुसती खोकले. दुसऱ्यांदा असा धूर सोडला की वारसदाराने आशेने टेम्पोचा फाळका उघडला. तिसऱ्यांदा सहाही जण एकदम बोलले आणि शेडचे पत्रे थरथरले. मामा खुर्चीतून उठले, चाचपडत आले आणि माझ्या मडगार्डवर हात ठेवून उभे राहिले. हात थोडा वेळ तसाच होता, मग गरम लागला म्हणून काढला.

वारसदार खाली वाकून चिठ्ठ्यांच्या गाठी सोडत होता. "दोरा माझा आहे," तो म्हणाला. माणूस वाईट नाही, मित्रांनो. त्याच्यामुळेच माझं हेड आज माझ्या अंगावर आहे.

काकांनी त्या दिवशी कुणाला दोष दिला नाही. आता मात्र ते प्रत्येक फडक्याला हातभर लांब सुतळी बांधतात आणि तिचं टोक बाहेर लोंबत ठेवतात. उघडं इंजिन पाहून लोक विचारतात, हिला मिशा कशाच्या?

आणि माझी तुम्हाला एक विनंती आहे. कुणाच्या उघड्या कामात तुम्ही चांगल्या मनाने काही ठेवलंत, सरकवलंत, झाकलंत, तर तेवढं सांगून जा. चूक केलेला माणूस कधी ना कधी बोलतो, कारण त्याला झोप लागत नाही. मदत केलेला माणूस मात्र निवांत झोपतो, आणि फडकं आत राहतं.