काळी चारची हरकत

पहाटे उठल्यापासून तुळशीला पाणी घालून पोथीचा अध्याय होईपर्यंत मी बोलत नाही. लग्नाआधीपासूनचं व्रत आहे. तेवढ्या वेळात मला कुणी शिवतही नाही. पिंपरी पेंढारात हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि ज्याला मला काही ऐकवायचं असतं पण माझं ऐकून घ्यायचं नसतं, तो नेमका तेव्हाच येतो. विळा नेला म्हणून सांगतो, बांधावरची बोरं झोडपली म्हणून सांगतो, आणि "बरं मग वहिनी, येतो" म्हणून चालू लागतो.

यात सगळ्यात तरबेज कुशाबा भाऊजी. आमच्या यांचे चुलत भाऊ. देवीच्या देवळातली पेटी तेच वाजवतात आणि भजनी मंडळही तेच चालवतात.

त्या वर्षी घट बसायला पंधरवडा होता. मी तुळशीपाशी सारवण करत होते. भाऊजी दारातूनच बोलले, "वहिनी, औंदा अष्टमीला बायांचं भजन नको ठेवायला. पावणं येत्यात आळेफाट्यावरनं, आन ह्या बाया बेसूर गात्यात. आपल्या पोरांचंच ठेवतो. हरकत न्हाई ना तुमची?"

मी हात हलवला. मान हलवली. शेणाचा हात होता, चांगला दिसेल असा हलवला.

"न्हाई ना? झालं तर मग."

संध्याकाळी देवळाच्या फळ्यावर कार्यक्रम लागला होता. अष्टमीपुढे मुलांचं भजन. भाऊजी पारावर बसलेल्यांना सांगत होते, "रत्नावहिनींना इचारलं ना मी. काय बोलल्या न्हाईत. म्हंजी हरकत न्हाई त्यांची."

माझा आवाज मुळात लहान. चिडले तर आणखी लहान होतो. मी म्हणाले, "भाऊजी, माझी हरकत आहे."

"आता फळ्यावर लिवलं की वो!"

पण धोंडाबाई होत्या बरोबर. आमच्यात सगळ्यात वडील, आणि सगळ्यात गोड गळा त्यांचाच. त्या म्हणाल्या, "बेसूर कोन रं? तू काळी एकला पेटी धरतोस, तुज्या पोरांच्या गळ्याला सोईची. आमची पट्टी काळी चार. खालचा सूर घशात अडकतो, वरचा धरायला जावं तर शिरा तुटायची पाळी. वरनं म्हन्तोस, मावशी हरकती लई घेती."

ज्यांना गाण्यातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगते. काळी एक, काळी चार म्हणजे पेटीवरच्या काळ्या पट्ट्या, गाणाऱ्यानं आपल्या गळ्याप्रमाणे त्यातली एक सा म्हणून धरायची. हरकत म्हणजे गाता गाता सुराला दिलेली छोटीशी मुरड. धोंडाबाईंची हरकत ऐकायला देवीसुद्धा वाकत असेल.

"मी काळी चारला वाजवनार न्हाई," भाऊजी म्हणाले. "माजी बोटं बसल्यात काळी एकला. तुमचा पेटीवाला आना, आन गा की! मी कुठं नको म्हन्तो?"

चार माणसं हसली. बायांना पेटीवाला कुठून मिळणार?

आता ती पेटी कुणाची, ते ऐका. माझ्या वडिलांची. डिंभ्याचं धरण झालं तेव्हा आमचं घर पाण्याखाली गेलं. वडिलांनी डोक्यावरून काय काय बाहेर काढलं, त्यात ही पेटी. पुढे ती माझ्याबरोबर इथं आली. तेव्हा देवळात पेटी नव्हती, म्हणून सासऱ्यांनी ती देवीपुढे ठेवली. भाऊजी तिच्यावरच शिकले. मग त्यांनी तिला कुलूप केलं, आणि बायांनी हात लावायचा नाही असं कधी ठरलं, कुणी ठरवलं, कुणालाच सांगता येत नाही. मला कुणी विचारलं असेल तर सकाळीच विचारलं असेल.

घरी येऊन मी भाकरी थापायला बसले. पहिली भाकरी परातीतच फाटली. अक्षदा, माझी मुलगी, नारायणगावला कम्प्युटर शिकत होती. बिलांसाठी म्हणून यांनी दुकानातला कम्प्युटर घरी आणून ठेवला होता, त्यावर तिचं काहीतरी चाललेलं असायचं.

ती म्हणाली, "आई, पेटीवाला आहे आपल्याकडे. हा काय टेबलावर."

तिनं मला मिडी म्हणजे काय ते दाखवलं. त्यात आवाज नसतोच. कुठला सूर, किती वेळ, किती जोरात, एवढाच निरोप लिहिलेला असतो. कॅसेट चढ्या पट्टीत न्यायची तर ती पळायला लागते आणि गाणारी बाई चिमणीसारखी चिवचिवते. निरोप मात्र कुठल्याही पट्टीत सांगता येतो, लय तीच राहते. आम्ही दोघींनी बसून चाली भरल्या. मी गुणगुणायचे, ती माऊसनं एकेक ठिपका ठेवायची. काळी चारला.

धोंडाबाईंना ऐकायला बोलावलं. अक्षदानं बटण दाबलं.

धोंडाबाईंनी कान जवळ नेला. मग म्हणाल्या, "पोरी, ही पेटी व्हय? डबड्यात माशी कोंडल्यावानी वाटतंय."

खरंच तसं वाटत होतं. चाल बरोबर, सूर बरोबर, आणि तरी देवीपुढे लावायला लाज वाटावी असा आवाज. निरोप चांगला, पण निरोप्या बोबडा. अक्षदा म्हणाली, आवाज कम्प्युटरमधल्या साउंड कार्डाचा असतो आणि आपलं कार्ड हलकं आहे. वाद्यं बदलून बघू. तिनं यादी उघडली. त्यात सतार होती, सनई होती, अकॉर्डियन होतं, चर्चमधला ऑर्गन होता. टाळ्या होत्या, हेलिकॉप्टर होतं, बंदुकीचा बार होता. पेटी नव्हती.

"हेलिकॉप्टर आहे आणि पेटी नाही?" मी म्हणाले. ज्यानं कुणी ती यादी केली त्याचा मला त्या क्षणी भाऊजींइतकाच राग आला. त्यानंही आम्हाला सकाळीच विचारलं असणार.

तेवढ्यात खिडकीशी भाऊजी. "काय वहिनी, गाडीवरचं गानं वाजतंय, कुल्फीवाला आला काय गावात?" हसत हसत गेले. दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर बायाच मला विचारत होत्या, कुल्फी कितीला म्हणून.

मी यांना सांगितलं, पुण्याहून चांगलं कार्ड आणा. एरवी मी काही मागत नाही, म्हणून असेल, पण त्यांनी एक शब्द न बोलता आणलं. या नव्या कार्डात आपल्याला हवे ते आवाज भरता येत होते. खऱ्या पेटीचा एकेक सूर माईकवर घ्यायचा, आत ठेवायचा, की मिडीचा निरोप त्या आवाजात ऐकू येतो. अक्षदा त्याला साउंडफॉन्ट म्हणत होती.

"म्हणजे खरी पेटी पाहिजे," मी म्हणाले.

संध्याकाळी मी भाऊजींच्या घरी गेले. दिवाबत्तीच्या वेळी मुद्दाम गेले, बोलता यावं म्हणून. एका दिवसापुरती पेटी द्या, सूर उतरवून लगेच परत आणते, असं सांगितलं. ते म्हणाले, "बघतो. इचार करून सकाळी सांगतो."

सकाळी!

आणि आले की सकाळी. मी पाण्याचा तांब्या घेऊन तुळशीपुढे उभी. "न्हाई जमायचं वहिनी. देवाची पेटी घरी जात न्हाई. आन सूर काढून घेतल्यावर पेटीत ऱ्हानार काय? हरकत न्हाई ना?"

मी तांब्या खाली ठेवला. एवढा राग मला माहेरचं घर पाण्यात जाताना बघून आला होता, त्यानंतर आजच. बोलले असते तर व्रत मोडलं असतं, आणि एका माणसापायी ते मोडणं हे जास्त वाईट झालं असतं. म्हणून बोलले नाही. चालू लागले.

ओल्या केसांनी, धूतवस्त्रात, सरळ देवळात गेले. काकड्यासाठी पेटी उघडून ठेवलेली होती. मी भाता बंद केला, पेटी कडेवर घेतली आणि निघाले. भाऊजी मागून धावत आले.

"वहिनी! अवं कुठं? वहिनी, ठेवा ती! इचारून तरी न्यावं का न्हाई मान्सानं?"

मी बोलत नव्हते. ते आडवे आले, पण पूजा झाल्याशिवाय मला शिवता येत नाही, म्हणून बाजूलाही झाले. पुन्हा आडवे आले, पुन्हा बाजूला झाले. पारावरची माणसं उठून बघायला लागली. सयाजी न्हावी वस्तरा हातात धरून म्हणाला, "कुशाबा, राव, इचार की अजून! सांगत्याल."

"त्या बोलत न्हाईत!" भाऊजी ओरडले.

धोंडाबाई घागर घेऊन येत होत्या. थांबल्या आणि सगळ्या पारानं ऐकावं अशा आवाजात म्हणाल्या, "बोलत न्हाई म्हंजी तिची हरकत न्हाई. तूच म्हन्तोस ना?"

जो हशा झाला तो मी पाठीवर घेऊन घरी आले. मला हसू आलं नाही. राग उतरलाही नाही. तुळशीला पाणी घातलं, अध्याय वाचला, आणि मग अक्षदाला पहिला शब्द बोलले, "माईक लाव."

पण सूर घेणं सोपं नव्हतं. आमच्या भिंतीला लागून पिठाची गिरणी. वीज असली की गिरणी घरघरते, आणि भारनियमन सुरू झालं की गिरणी बंद आणि कम्प्युटरही बंद. गावात शांतता आणि वीज एका वेळी कधी नांदत नाहीत. शेवटी अक्षदाला यूपीएस आठवला. दुपारी वीज गेली, गिरणी थांबली, आणि यूपीएसवर कम्प्युटर तेवढा चालू राहिला. फक्त तो यूपीएस दर थोड्या वेळानं कोकलायचा. मग दोन कोकलण्यांच्या मधल्या फटीत एक सूर. मी भाता मारायचे, अक्षदा पट्टी दाबायची. सूर अपुरा पडला तरी चालतो, ती म्हणाली, त्याचा मधला तुकडा जोडून पाहिजे तेवढा लांबवता येतो.

"आई, हळू. राग भात्यात उतरतोय. सूर फाटतोय."

मी डोळे मिटून नामजप धरला आणि भाता हळू केला. यूपीएस मान टाकी, मग आम्ही वीज यायची आणि परत जायची वाट बघायचो. काळी चारला जो पंचम येतो त्या पट्टीला बारीकशी थरथर होती, वडिलांच्या वेळेपासूनची. अक्षदा म्हणाली, ती कम्प्युटरवर साफ करता येईल. मी म्हणाले, "राहू दे."

सूर भरून झाले. तिनं तीच जुनी फाईल लावली, जी डबड्यातल्या माशीसारखी वाजली होती. निरोप तोच होता. पण आता डिंभ्याच्या घराच्या ओसरीतून वडील वाजवत होते. मी पदर तोंडाला लावला.

पेटी मी त्याच संध्याकाळी देवळात नेऊन ठेवली. भाऊजींनी पटकन कुलूप घातलं.

अष्टमीला मुलांच्या भजनानंतर आम्ही बायका उभ्या राहिलो. भाऊजीच म्हणाले होते ना, तुमचा पेटीवाला आणा आणि गा. आणला. कॅसेटवर उतरवून आणला आणि कर्ण्याला लावला. देवळात पेटी घुमली, काळी चारला. माणसं भाऊजींच्या हाताकडे बघायला लागली. हातात किल्ली होती, पुढ्यात कुलूप लावलेली पेटी, आणि तिचाच आवाज वरून येत होता. पंचम आला, थरथरला, आणि भाऊजींनी चटकन पेटीकडे पाहिलं. ती थरथर ते ओळखणारच.

धोंडाबाईंनी वरचा सूर धरला. शिरा ताणल्या नाहीत. वर गेल्या, तिथं थांबल्या, आणि अशी एक हरकत घेतली की आळेफाट्याचे पाहुणे मांडी मोडून पुढे सरकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुळशीपाशी होते. दारात भाऊजी.

"लई भारी झालं वहिनी. मंडळाचं नाव निघालं. मी काय म्हन्तो, ती कॅसेट मंडळाकडंच ठेवू. आमच्या पोरांच्या पट्टीत पन करून द्या. फळ्यावर मंडळाचंच नाव लावतो. हरकत न्हाई ना?"

मी त्यांच्याकडे पाहिलं आणि ओट्याकडे बोट केलं. बसा.

"न्हाई, मला जरा घाई…"

मी बोट खाली घेतलं नाही. ते बसले.

मी तुळशीला पाणी घातलं. सावकाश घातलं. हळदकुंकू, फूल, दिवा. मग पोथी उघडली. त्या दिवशीचा अध्याय मोठा होता. एकही ओवी मी गाळली नाही, एकही घाईनं वाचली नाही. ऊन ओट्यावर आलं, भाऊजी सरकून बसले. ऊन पुन्हा त्यांच्यापर्यंत आलं. पारावरून कुणीतरी हाक मारून विचारलं, काय कुशाबा, काय चाललंय? त्यांनी नुसतं पोथीकडे बोट केलं.

पोथी मिटली. नमस्कार केला. आणि माझ्या लहान आवाजात म्हणाले,

"हरकत आहे."