बालसभेचा ठराव

प्रेमानंद सराले शाळेत मीच आणलं, हे पहिले सांगून ठेवते. मागून कोणी म्हणू नये का बाईले नवं काही पाहवतच नाही. पिंपळगाव राजाच्या रस्त्यावरची ही शाळा आमच्या मालकानं, उकंडरावांनी, घरचं वावर देऊन उभी केली. ते गेल्यावर संस्थेची अध्यक्ष मी. माझं शिक्षण दुसरी. पण एम.ए. झालेला मास्तरही मी बस म्हटल्याबिगर माझ्यासमोर बसत नाही.

जुना हेडमास्तर झोपाळू होता. पोरं खामगावच्या शाळांकडे पळून राह्यली होती. तवा हा प्रेमानंद मुलाखतीले आला आणि म्हणाला, काकू, शाळा रोज थोडी थोडी बदलावी लागते, एकदा रंग देऊन भागत नाही. मले पटलं. म्हटलं, बदला.

त्यानं बदललीही. बाकं गोल मांडली. घंटा शिपायाच्या हातून काढून पोरांच्या हाती दिली. खिचडी पहिले एका आईनं चाखाची, मगच वाढाची. आठवीच्या पोरी पाचवीले गणित शिकवू लागल्या. एक नवं अंगवळणी पडलं का दुसरं काढे. शिक्षक कुरकुरले, तं मीच त्याईले दटावलं. बुलढाण्याहून साहेब पाहाले आले, पेपरात फोटो आला, मधात मी. टेकडीच्या वस्तीवरच्या पोरी पायी याच्या, म्हणून त्यानं गाडी मागतली. मी घरची गाडी, घरचा ड्रायवर, घरचं डिझेल लावलं. माझा हात कधी आखडता नव्हता.

मग त्यानं बालसभा काढली. शनिवारी सगळी शाळा मैदानात गोल करून खाली बसे, सर पण खालीच. पोरं विषय मांडत. ज्याच्या बाजूनं जास्त हात वर, तो ठराव पास. हात सर स्वतः मोजत आणि निकालही स्वतःच सांगत. मी पाहून आले. हसू आलं, पण म्हटलं, खेळू द्या.

जानेवारीत तो संध्याकाळी घरी आला. चहा झाला. मग म्हणाला का यंदाचा झेंडा सिंधूताई फडकावतील, बालसभेनं ठरवलं. सिंधू म्हणजे माझ्याच वावरात कापूस वेचणारी बाई. तिची काजल दहावीत. त्या वस्तीवरून दहावीपर्यंत आलेली ती पहिलीच पोरगी, म्हणून पोराईले वाटलं का तिच्या मायनं दोरी ओढावी.

मालक होते तवर झेंडा त्याईनं फडकावला, त्यानंतर मी. तिसरा हात त्या दोरीले लागला नाही. आधी येऊन विचारलं असतं, तं मी सिंधूले बाजूले उभंही केलं असतं, कोणास ठाऊक. पण हा विचाराले आला नव्हता, सांगाले आला होता. इथंच चुकला. आमच्याकडे ठरून गेलेली गोष्टही मोठ्या माणसाले विचारल्यासारखी सांगतात. सोयरीक पक्की झाल्यावरही घरच्या म्हातारीले विचारतातच, काय म्हणता म्हणून. एवढं त्याच्या पुस्तकात नव्हतं.

मी आवाज चढवला नाही. त्याले म्हटलं, "सभेचा ठराव कोण फिरवू शकते?"

"सभाच, काकू. मी पण नाही."

"आन सभा जे ठरवीन ते तुमाले मान्य?"

"नेहमीच मान्य."

माझे दीर पंजाबराव, संस्थेचे सचिव, तिथंच पेपर वाचत बसले होते. त्याईच्या समोर हे मी त्याले परत एकदा बोलाले लावलं. तो हसत हसत बोलला. शिकलेल्या माणसाले आपल्याच तोंडचं वाक्य लय गोड लागते.

शनिवारी मी सभेत गेले. माझ्यासाठी सतरंजी टाकली होती. मी खुर्ची मागतली आणि गोलाच्या मधात ठेवाले लावली. झेंड्याचं विचारीन, असं त्याले वाटलं असन. त्यानं पोराईले सांगतलंही होतं का काकूंचं शांतपणे ऐका, पटलं तं ठराव बदला.

मी झेंड्याचं नावच काढलं नाही.

"लेकरांनो, सर म्हणतात शाळा तुमची. मंग तुमीच ठरवा. गाडी माझ्या घरची हाय, आन सर मले नको हाय. सर राह्यले तं सोमवारपासून गाडी बंद. गाडी पाहिजे असन तं सर जातीन. ज्याले गाडी पाहिजे, त्यानं हात वर करावा."

सर उठून माझ्या खुर्चीजवळ आला. हळूच म्हणाला, "काकू, हे लेकरांवर नका टाकू. मी राजीनामा देतो."

"राजीनामा कोणी मागतला? सभा तुमची. हात मोजा."

वस्तीवरच्या पोरी एकमेकींकडे पाहात होत्या. गाडी बंद झाली का बाप शाळा सोडवते आणि कापूस वेचाले वावरात धाडते, हे त्याईले कोणी सांगाची गरज नव्हती. सर्वात मागं राह्यलेल्या पोरीचा विचार पहिले करा, हे सरच रोज परिपाठाले सांगे.

पहिला हात वर झाला तो अर्पिताचा. अर्पिता म्हणजे सराचीच पोरगी, नववीतली. ती काजलच्या बाजूले बसली होती. काजलनं तिचा हात धरून खाली ओढला. तं अर्पितानं दुसरा वर केला.

मग बाकीचे वर झाले. एक, मग चार, मग सगळा गोल. काजलचे दोन्ही हात तेवढे अर्पिताच्या त्या एका हाताले धरून होते.

सर मोजत गेला. आपल्या पोरीजवळ आला आणि थांबला.

मी म्हटलं, "हाही मोजला का?"

"मोजला."

"मंग सांगा सगळ्याईले."

तो गोलाच्या मधात उभा राह्यला, माझ्याकडे पाठ करून, पोरांकडे तोंड करून. "ठराव मंजूर," म्हणाला. आवाज साफ होता, तेवढं मी त्याचं कबूल करते. पोरगी मान खाली घालून बसली होती. तिचा हात अजून वरच होता. तो खाली घे म्हणून सांगाले कोणाले सुचलं नाही.

त्याच आठवड्यात तो गेला. संग्रामपूरकडे कोण्या शाळेत तासिकेवर लागला म्हणतात. पोरगीचं नावही काढून नेलं. झेंडा मी फडकावला. सिंधू आता दुसऱ्याच्या वावरात जाते. मी तिले ये म्हटलं नाही आणि नको ये असंही म्हटलं नाही. काजल रोज गाडीनं येते, ड्रायवरच्या मागच्या शिटावर बसते, कोणाशी बोलत नाही. गाडी चालू आहे. मी शब्दाची पक्की आहे.

नव्या हेडसरनं एक दिवस घरी येऊन विचारलं का बालसभा बंद करू का. विचारलं, हे मले आवडलं. म्हटलं, काऊन बंद कराची? एवढं चांगलं सुरू केलेलं मोडू नये. आता दर शनिवारी मी जाते. मधात खुर्ची असते. कोणाले काही मांडाचं हाय का, म्हणून सगळ्याईले विचारते. पोरं गोल करून बसतात, हात मांडीखाली दाबून. कोणालेच काही मांडाचं नसते. शाळेले शिस्त लागली.