मोजायचे आणि तोलायचे : एका तराजूची तक्रार

मित्रांनो, मी एक जुना तराजू आहे, आणि जन्मभर वैतागलेला आहे. माझी लोखंडी दांडी जळगावच्या लोहाराने घडवली, पितळी पारडी तांबटाने ठोकली. पहूरच्या झुंबरलाल शेठनी मला आपल्या किराणा दुकानात टांगले. गिऱ्हाइके मला काटा म्हणत. शेर जाऊन किलो आले, तेव्हा सरकारला द्यायच्या शिव्या लोकांनी मला दिल्या. तेही सोसले. पण एका वर्षी माझ्या मागे चक्क इंग्रजी व्याकरण लागले. मला हात असते तर तेव्हाच टेकले असते.

त्याचे असे झाले. शेठचा मुलगा बन्सीलाल याची बायको चंद्रकांता धुळ्याहून नांदायला आली. माहेरी ती मॅट्रिकला इंग्रजीत नापास झाली होती, आणि पुन्हा परीक्षेला बसायचा तिने ध्यासच घेतला होता. आता त्या घरात सून सासऱ्याशी थेट बोलत नसे. मध्ये एखादी वस्तू धरायची आणि तिला सांगायचे, अशी रीत. दुकानाच्या मागच्या दारातून समोर दिसे तो मीच. मग काय, दोघांनीही मलाच धरले. ते मारवाडीत बोलत, मी तुमच्यासाठी मराठीत सांगतो.

"काट्या, सांग तिला," शेठ म्हणाले, "एकदाच बस. या खेपेला नापास झालीस, तर तुझ्या पुस्तकांच्या मी पुड्या बांधीन."

ती पोर हादरली. दाराआड डाळ निवडता निवडता घोकू लागली. इंग्रजीत नामांचे प्रकार असतात म्हणे. गावाचे नाव एका गटात, कळपाचे दुसऱ्या, सोन्या-लोखंडाचे तिसऱ्या. वर पुन्हा मोजता येणारी नामे आणि न मोजता येणारी. "साखर, तांदूळ, तेल : न मोजता येणारी," असे तिने म्हटले मात्र, शेठ गादीवरून उठलेच.

"काट्या, विचार तिला, साखर मोजता येत नाही, तर मी दिवसभर करतो काय?"

"काट्या, सांग बाबूजींना, साखर तोलतात. मोजतात ते नारळ."

"मग कांदा? तोही तोलतोच की!"

"कांदा मात्र मोजता येणाऱ्यांत आहे. आणि साबण न मोजता येणाऱ्यांत."

"साबण? अरे काट्या, वड्या मोजून मोजून बोटं झिजली माझी! कोणत्या शहाण्यानं लिहिलं हे?"

आणि दोघेही उत्तरासाठी माझ्याकडे बघत! माझ्या पारड्यात अर्धी साखर तशीच. केळीची बाग सोडून आलेले उखर्डूआबा ताटकळत उभे. "माही साखर तोला न शेठ," ते कावून म्हणत, "काट्यासंगे काय बोलून राह्यले?" असे रोज. वाद त्यांचा आणि डोके माझे उठे. पण एक सांगतो, शेठ हळूहळू स्वतःच विचारू लागले. "काट्या, विचार तिला, प्रामाणिकपणा कुठल्या गटात?" ती म्हणाली, तो हातात धरता येत नाही, म्हणून त्याचा गटच निराळा. त्या दिवशी शेठनी मला दोनदा पुसले.

परीक्षा जवळ आली आणि नेमकी माझ्यावर वजनमापे खात्याचा शिक्का मारून घ्यायची पाळी आली. बन्सीलाल मला घेऊन जामनेरला गेला. साहेब जागेवर नाहीत, उद्या या, असे सांगून त्याला थांबवून ठेवले. दुसऱ्याच दिवशी जळगावला चंद्रकांताचा इंग्रजीचा पेपर, आणि तिला नेणार होता तोच इथे अडकलेला! मी पोत्यात पडून चरफडत होतो. आता तिने बोलायचे कोणाशी?

परतल्यावर उखर्डूआबांनीच बन्सीलालला सगळे सांगितले. "सूनबाई त्या रिकाम्या खुंटीपुढे हुभी राह्यली. मंग पदर सावरला न शेठकडेच तोंड करून वयली. म्हने, 'बाबूजी, उद्या माझा पेपर आहे. मला न्या.' शेठनं खुंटीकडे पाह्यलं, सुनेकडे पाह्यलं. म्हने, 'बेटा, पहिल्या एस.टी.नं निघू.'"

ती पास झाली. जेमतेम, पण झाली. आता दुपारी गावच्या मुली तिच्याकडे इंग्रजी शिकायला येतात, आणि शेठ गादीवरून सुनेशी समोरासमोर हुज्जत घालतात. मी माळ्यावर आहे. खाली नवा काटा आला आहे. दोघांपैकी कोणीही त्याच्याशी बोलत नाही.

मित्रांनो, वस्तू जपा, माझ्या दांडीला अधूनमधून तेलाचे बोट लावा, हे तर मी सांगणारच. पण घरातल्या माणसाला काही सांगायचे असेल, तर कृपा करून त्याच्याकडे तोंड करून सांगा. आम्हाला कान नसतात हो.