हळूकाकांची झोप

वेधशाळेच्या दारावरच्या पहारेकऱ्यांना सगळे हळूकाका म्हणत, कारण दिवसातून शंभर वेळा त्यांच्या तोंडून तोच शब्द निघे. खोकला आला तर बाहेर, शिंक आली तर त्याहून बाहेर. एकदा खुद्द संचालकांना त्यांनी बूट काढायला लावले होते. आत दोन लांबलचक नळ्या, त्यांच्या टोकांना टांगलेले आरसे, आणि आरशांमधून धावणारा प्रकाश. हा सगळा खटाटोप अवकाशातून येणारी एक लहर पकडण्यासाठी. ती इतकी बारीक, की कुणाचं पाऊल जरा जोरात पडलं तरी त्यात बुडून जावी.

गेल्या महिन्यात ती आली. अब्जावधी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली होती, त्याचा हिसका नळ्यांपर्यंत पोचला तो मंगळवारी दुपारी तीन वाजून सतरा मिनिटांनी. टिकला पापणी लवेपर्यंत. इमारतभर माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. काकांचं मात्र धाबं दणाणलं.

तीन सतराला काका आत झोपलेले होते.

काकांच्या घरी बायको, सासू, दोन सुना आणि तीन नातवंडं. भांड्याला भांडं लागलं नाही असा एक तास जात नसे. आणि अख्ख्या जगातली सगळ्यांत शांत खोली त्यांच्याच कुलपाखाली! अकरा वर्षं रोज तीनच्या ठोक्याला काका बूट हातात घेऊन आत जात आणि नळीशेजारच्या बाकावर अर्धा तास आडवे होत. कुंपणच शेत खात होतं, आणि कुंपणाला झोपही गाढ लागत होती.

महिनाभर काका गप्प राहिले. मग सत्काराचं पत्र आलं : 'त्या क्षणी आत चिटपाखरूही नव्हतं, याचं श्रेय यांना.' काकांनी ते तीनदा वाचलं. ती लहर म्हणजे आपण बदललेली कूसच असली तर? एवढ्या शहाण्या माणसांचं जगभर हसं होणार, आणि निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं असताना आपल्याला नारळ मिळणार. सत्काराच्या आदल्या सकाळी ते आकडे तपासणाऱ्या बाईंपुढे उभे राहिले आणि सगळं सांगून मोकळे झाले.

"ठाऊक आहे," बाई चहा ढवळत म्हणाल्या.

"काय ठाऊक आहे?"

"तुम्ही तीनला येता, आठव्या मिनिटाला घोरायला लागता." त्यांनी पडद्यावरची डोंगराएवढी रेघ दाखवली. "हे तुम्ही. तुम्हाला वजा केलं की खाली उरतात ती कृष्णविवरं." ती मुंगीएवढी होती. "हजारो मैलांवरच्या दुसऱ्या केंद्रातही हीच लहर आली. तिथे तर तुम्ही घोरत नव्हता ना?"

काकांच्या जिवात जीव आला, पण मान काही वर होईना. "मग इतकी वर्षं मला कुणी बोललं का नाही?"

"तुमच्या आधीचे पहारेकरी फार प्रामाणिक होते, काका. दिवसभर येरझाऱ्या, कधी इकडे, कधी तिकडे. त्यांना वजा करायचं तरी कसं? तुमचं कसं, घड्याळासारखं आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी सत्कार झाला. टाळ्या वाजल्या, त्याही हळूच. दुपारी तीन वाजले तेव्हा काकांनी मनाशी पक्कं केलं, आजपासून हे बंद. बूट घालून, पाठ ताठ करून ते दाराबाहेर खुर्चीवर बसले. कित्येक वर्षांनी त्यांना स्वतःबद्दल बरं वाटत होतं.

तीन वाजून बारा मिनिटांनी बाई अनवाणी धावत आल्या.

"काका, बरं नाही का? यंत्र तुमचं घोरणं वजा करतंय, आणि घोरणं जागेवरच नाही. सगळे आकडे नासले. चला, आत जाऊन झोपा बघू."

काका निमूट उठले. बूट हातात घेतले, बाकावर आडवे झाले, डोळे घट्ट मिटले. आता ते नोकरीचं काम होतं, आणि काकांना काही केल्या झोप येईना.