उजवीकून जाऊन राहिली मी

नागपुरात एखादा माणूस फोनवर "येऊन राहिलो" म्हणाला, की समजावं, तो अजून अंघोळीलाही गेलेला नाही. "निघून राहिलो" म्हणजे गडी जेवायला बसलाय. "पोचूनच राहिलो ना बाप्पा" म्हणजे चप्पल शोधतोय. यात कोणी कोणाला फसवत नाही. सांगणाऱ्याला माहीत असतं, ऐकणाऱ्याला माहीत असतं, आणि शहर त्या हिशेबानं सुरळीत चालतं.

हुडकेश्वरचा प्रेमानंद गजभिये मात्र "येऊन राहिलो" म्हणाला की खरोखरच येऊन राहिलेला असे. त्यापायी लोकांची फार पंचाईत व्हायची. लग्नाला तो पत्रिकेवरच्या वेळेला पोचे आणि मग मांडववाल्याला सतरंज्या अंथरू लागे. रविवारी विहारात पंचशील म्हणताना चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं, की त्याचा आवाज आपोआप चढायचा. पुढच्या रांगेतल्या दोघातिघांना तेव्हा हमखास खोकला येई.

त्याची मुलगी दामिनी आठ वर्षांची असताना विहाराशेजारच्या मैदानावर मोठ्या पोरींत बास्केटबॉल खेळायला गेली. मैदानाला रिंग एकच होती. दुसरी मंजूर होऊन राहिली होती. चेंडू हातात आला तशी दामिनी समोरच्या मुलीला घरच्या वळणानं म्हणाली, "उजवीकून जाऊन राहिली मी."

समोर होती शेजारच्या बेसा वस्तीतली शामला, दोन वर्षांनी मोठी आणि दहा वर्षांनी हुशार. ती अर्थातच डावीकडे धावली. दामिनी उजवीकडून गेली आणि बास्केट करून आली.

"खोटारडी!" शामला ओरडली.

"मी तं सांगतलं होतं वं!" दामिनी म्हणाली. तिला खरंच वाईट वाटलं होतं.

प्रशिक्षक शालिकराम सर टपरीवर चहा पीत हे बघत होते. त्यांनी चहा तसाच ठेवला, जे त्यांच्या आयुष्यात पूर्वी घडलं नव्हतं, आणि थेट प्रेमानंदाच्या घरी आले.

"काकाजी, पोरगी मले द्या. पोरगी नाही जी ते, करंट आहे करंट! थोडी हुलकावणी शिकवतो, मंग पाहा."

"हुलकावणी म्हणजे?"

"म्हणजे डावीकडे जाऊन राहिलो असं दाखवाचं, अन् उजवीकडे जाचं."

"म्हणजे खोटं."

"अंगानं जी! तोंडानं थोडी!"

प्रेमानंद रात्रभर विचार करत होता. सकाळी त्यानं निकाल दिला. "अंगाचं तुम्ही पाहा, सर. तोंडाचं मी पाहीन. तोंड खरं राह्यलं पाह्यजे."

दामिनीची आई माया पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "तोंड बंद ठेवलं तं नाही चालत का?" पण हा मुद्दा बाकीच्या तिघांपैकी कोणालाच सुचला नव्हता, त्यामुळे त्याची नोंद झाली नाही.

आणि मग पोरगी सुटली ती सुटलीच. खांदा डावीकडे झुकवायचा, तोंडानं "उजवीकून जाऊन राहिली" सांगायचं आणि उजवीकडून निघून जायचं. जिल्ह्यात चौदा वर्षांखालचा संघ, मग सोळा, मग अठरा. वर्धा, अमरावती, अकोला, सगळ्या पोरी तिचं ऐकत, समजत आणि अजिबात विश्वास ठेवत नसत. "हे पोरगी एवढं खरं काहून बोलून राहिली?" असा संशय कोणालाच आला नाही, कारण आपल्याकडे तो येत नाही. राज्य स्पर्धेत पुण्याच्या मुलींना वेगळीच अडचण आली. "जाऊन राहिली म्हणजे काय गं? गेली, की राहिली?" असं त्या एकमेकींना विचारेपर्यंत दामिनी जाऊन, बास्केट करून परत येऊन राहिलेली असे. त्या सामन्यात तिनं एकटीनं अर्ध्याहून जास्त गुण काढले, आणि शालिकराम सरांनी तोंडातली शिट्टी दातांनी फोडली.

एकोणीस वर्षांची झाली तेव्हा व्यावसायिक लीगमधल्या 'नागपूरच्या वाघिणी' या संघानं तिला एका मोसमापुरतं घेतलं. चौकात अभिनंदनाचा फलक लागला. त्यावर स्थानिक नेत्याचा फोटो पुरुषभर आणि दामिनीचा पासपोर्टएवढा होता, पण प्रेमानंद रोज स्कूटर थांबवून तो पासपोर्ट बघत असे.

लीगमध्ये मात्र घोळ झाला. तिथं पंजाबच्या, केरळच्या, छत्तीसगडच्या मुली. त्यांना दामिनीची भाषाच कळेना. खांद्याच्या हुलकावण्या त्यांनी ढीगभर पाहिलेल्या. त्या नुसती कंबर बघत उभ्या राहत आणि चेंडू काढून घेत. दामिनीनं मग प्रामाणिकपणे हिंदीत सांगून पाहिलं, "राइट से जा रही हूँ." पंजाबच्या मुलीनं मान डोलावली आणि उजवी बाजू अडवून ठेवली. तिनं विश्वास ठेवला! परप्रांतात लोक असं करतात, हे दामिनीला कोणी सांगितलंच नव्हतं.

संघाच्या प्रशिक्षक अरुंधती मॅडम म्हणाल्या, "तू गप्प का राहत नाहीस?" ती गप्प राहिली तर पाय पायात अडकले. लहानपणापासून तोंड पुढे आणि पाय मागे अशी सवय होती तिची. मोसम असाच गेला. कधी पाच मिनिटं आत, कधी पूर्ण वेळ बाकावर. शेवटचा सामना नागपूरच्याच स्टेडियममध्ये, पुण्याशी होता. त्याच्या आदल्या दिवशी मॅडमनी स्पष्ट सांगितलं, "दामिनी, उद्या तुला पूर्ण खेळवते. उद्या दिसलं नाही, तर पुढच्या मोसमात मी तुला ठेवू शकणार नाही."

दामिनीनं ते घरी जसंच्या तसं सांगितलं. खोटं बोलायची सोय नव्हती. प्रेमानंदाला त्या रात्री जेवण गेलं नाही. पोरीच्या पायांत काही कमी नव्हतं. अडत होतं ते तोंड होतं, आणि तोंडाचं खातं त्याच्याकडे होतं.

सामन्याच्या दिवशी प्रेमानंद आणि माया पहिल्या रांगेत, वाघिणींच्या बाकाच्या अगदी मागे बसले. स्टेडियम खच्चून भरलेलं. ढोल, पिपाण्या, संत्र्याच्या सालांचा वास. पुण्याचा संघ आत आला आणि मायानं नवऱ्याला कोपर मारलं.

"अजी, ते पाहा! आपली बेसाची शामला!"

शामलाच होती. दोन मोसमांपासून पुण्याकडून खेळत होती. ती थेट दामिनीसमोर येऊन उभी राहिली आणि हसली. "कशी आहे वं? बोल, कुठून जाऊन राहिली आज?"

"उजवीकून," दामिनी म्हणाली आणि उजवीकडून गेली. शामला तिथं आधीच उभी होती. चेंडू घेऊन पसार झाली.

"डावीकून जाऊन राहिली मी." शामला डावीकडे हजर. "मधून जाऊन राहिली." शामला मध्ये भिंतीसारखी. अकरा वर्षं फसून फसून अख्ख्या विदर्भात एकट्या शामलाला शोध लागला होता की ही पोरगी खरं बोलते. आणि शोध लागल्यापासून ती चक्क आरामात खेळत होती.

तरी वाघिणी काही मागे हटल्या नाहीत. दामिनीला जाता येईना, तर तिनं पास दिले. लांबून दोन टाकले, दोन्ही आत गेले. रिबाउंडला अशी उडाली की मायाची पर्स खाली पडली आणि तिनं ती उचलली नाही. गुण वर-खाली, वर-खाली. लोक खुर्च्यांवर चढले. प्रेमानंदाच्या शेजारचा अनोळखी माणूस त्याच्या गळ्यात पडला, मग गुण गेला तेव्हा त्याच्यावरच चिडला. आणि शेवटी घड्याळात सेकंद उरले मोजके, पुणे एका गुणानं पुढे, चेंडू नागपूरचा. अरुंधती मॅडमनी टाइमआउट घेतला.

"चेंडू दामिनीकडे," मॅडम म्हणाल्या. सगळ्या मुलींनी मॅडमकडे असं पाहिलं, जणू मॅडम खुळावल्या आहेत. "शामला हिच्यावर आहे ना? ती एकदा चुकली, की बाकीच्या कोणालाच ही कळत नाही. दामिनी, कशी जाशील ते तू ठरव. पण जा."

दामिनीनं मान वर करून मागे पाहिलं. मॅडमकडे नाही, शामलाकडे नाही. बापाकडे.

प्रेमानंदाला ती नजर लहानपणापासून ओळखीची होती. विहारातून येताना कुल्फीची गाडी दिसली की ती अशीच बघायची. मागायची नाही, नुसती बघायची. अख्खं स्टेडियम बोंबलत होतं, ढोल छातीत वाजत होते, आणि त्याच्या डोक्यात चौथं शील अगदी शांतपणे, नेहमीच्या चालीत म्हटलं जात होतं.

त्यानं चष्मा काढला. खिशातला रुमाल काढला आणि मान खाली घालून, सावकाश, चष्मा पुसू लागला. चष्म्याशिवाय त्याला समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडरही दिसत नसे, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

मायानं ते पाहिलं. दामिनीनंही पाहिलं. ती वळली आणि मैदानात गेली.

शिट्टी झाली. चेंडू दामिनीकडे आला. शामला गुडघे वाकवून, हात पसरून तयार. "बोल वं! लवकर बोल, टाइम चालला तुहा!"

"डावीकून जाऊन राहिली मी, शामला," दामिनी म्हणाली. अगदी स्वच्छ, पहिल्या रांगेला ऐकू जाईल असं.

शामला डावीकडे गेली. नुसती गेली नाही, पूर्ण विश्वासानं गेली, अख्खं वजन घेऊन गेली. दामिनी उजवीकडून निघाली. एक ड्रिबल, दुसरा, दोन पावलं, हवेत. चेंडू रिंगवर पडला, कडेवर फिरला, पुन्हा फिरला, थांबला, आणि पडला. आत.

भोंगा वाजला तो कोणालाच ऐकू आला नाही. वाघिणींनी दामिनीला खाली पाडून तिच्यावर ढीग केला. अरुंधती मॅडम हातातला फळा फेकून नाचत होत्या. शालिकराम सर कुठूनतरी मैदानात घुसले होते आणि दोन सुरक्षारक्षक त्यांना बाहेर काढायचं सोडून त्यांच्याबरोबर उड्या मारत होते.

"खोटारडी!" शामला ओरडली. अकरा वर्षांत पहिल्यांदाच तिचं बरोबर होतं. मग तिलाच हसू फुटलं आणि तिनं ढिगाखालून दामिनीला ओढून काढलं. "शिकली वं बाई! एकदाची शिकली!"

दामिनी घामानं निथळत पहिल्या रांगेपाशी आली. मॅडमनी वाटेतच तिला सांगून टाकलं होतं की पुढच्या मोसमात ती पहिल्या पाचात आहे. पण हे सांगायचं सोडून तिनं आधी खालच्या आवाजात विचारलं, "बाबा... पायलं का?"

प्रेमानंद खुर्चीवर उभा होता. आवाज बसला होता. शर्टाचं वरचं बटण तुटलं होतं आणि शेजारच्या अनोळखी माणसाची पिपाणी त्याच्या हातात होती. चष्मा नाकावर घट्ट होता.

"नाई वं," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "मी चष्मा पुसून राहिलो होतो."

दामिनीनं त्याच्याकडे पाहिलं. मायानं त्याच्याकडे पाहिलं. शेजारच्या माणसानं आपली पिपाणी हळूच परत घेतली.

"हौ ना," माया म्हणाली आणि पर्स उचलली. "पुसूनच राहिले होते. चला आता, पोरीले भूक लागली असंन. निघता ना?"

"हे काय, निघून राहिलो," प्रेमानंद म्हणाला. आणि खाली बसून त्यानं शेजारच्या माणसाला तो शेवटचा बास्केट पहिल्यापासून सांगायला घेतला.