तीन कातरण्या

चंद्रव्वाने पदराच्या आतून तीन बोटं बाहेर काढली आणि तिच्या नवऱ्याने, मायाप्पाने, ती मोठ्याने सांगितली.

“तीन कातरण्या झाल्या म्हनती, मास्तर.”

दवाखान्याच्या पडवीत रोग्यांचे कागद लिहायला बसलेला ज्ञानू जरा थांबला. तो सोलापुरातल्या गिरणीच्या चाळीत वाढलेला. मेंढरं त्याने रस्त्याने जाताना बघितली होती, तेवढीच. सुगी वर्षातून एकदा, तशी लोकरीची कातरणीही, असं धरून त्याने ‘छातीत गाठ’ या शब्दांपुढे लिहिलं, तीन वर्षे.

“दुखते का?”

“दुखली असती तर बोलली असती की. एरवी कोंबडं आरवायच्या आधी उठून भांडती. ह्येच तेवढं दडवलं.”

चंद्रव्वा कानडीत काहीतरी पुटपुटली. मायाप्पा हसला.

“म्हनती, चारशे मेंढरांच्या अंगावरनं हात फिरवून गाठी सांगता, माझ्याकडं कवा बघितलं?”



हा दवाखाना गाठीच्या रोगासाठीच होता. पण गाठ जाळणाऱ्या रेडियमच्या सुया मुंबईहून येत, वर्षातून दोनदा, पंधरा दिवसांसाठी आणि आठ जणांपुरत्या. ते आठ जण कोण, हे मुंबईचे डॉक्टर कागद वाचून ठरवत. दोन वर्षांपलीकडची गाठ असली की कागद बाजूला पडे. ज्ञानूला हे ठाऊक होतं. लिहिताना त्याला वाईटही वाटलं होतं.

चैत्रात यादी आली. चंद्रव्वाचं नाव त्यात नव्हतं. सुया लावायच्या दिवशी दोघं वळसंगाहून पहाटेच निघून चालत आली.

“लई उशीर झाला, पाव्हणं,” ज्ञानू म्हणाला. “मलम देतो.”

मायाप्पा भिंतीला टेकून खाली बसला.

“आखाडात सांगितलं हिनं मला. तवा कातरणी हुती. म्हनलं, माघात नेऊ. तर माघातबी कातरणी.”

मलमाची डबी ज्ञानूच्या हातातच राहिली.

“वर्षात दोनदा कातरता?”

“मग? घोंगडी पांघरता की तुमी, मास्तर. ती काय झाडाला लागती व्हय?”

ज्ञानूने मनात महिने मोजले. माघ, आषाढ, पुन्हा माघ. सव्वा वर्ष. तो कागद घेऊन तसाच आत गेला.

सुया घेऊन आलेल्या मुंबईच्या डॉक्टरांनी त्याचं सगळं ऐकलं. कागद वाचला, मग यादी वाचली.

“सुया दुपारी लावायच्या आहेत,” ते म्हणाले. “आठांतल्या कुणाचं नाव खोडू? तू सांग.”

उघड्या दारातून खाटा दिसत होत्या. शेवटच्या खाटेवर नागम्मा होती, विणकराची विधवा, जिभेवर गाठ असलेली. सकाळीच न्हाऊन, ओले केस पाठीवर सोडून बसली होती. ज्ञानूला बघून तिने हात जोडले.

ज्ञानूने डॉक्टरांपुढचा कागद उचलून परत घेतला.

“पुढच्या सुया दिवाळीनंतर. नवा कागद कर,” डॉक्टर म्हणाले. “तोवर गाठ थांबली तर.”

तो बाहेर आला तेव्हा मायाप्पा आडावर पाणी आणायला गेला होता. चंद्रव्वा एकटीच पायरीवर बसली होती.

“दिवाळीनंतर परत या,” ज्ञानू म्हणाला. “नवा कागद करतो.”

तिने त्याच्या हातातल्या कागदाकडे बघितलं. हिला मराठी येत नाही, असं तो इतके दिवस समजत होता.

“त्यात तीन वर्सं लिवलंय?”

त्याने मान खाली घातली. तिने डबी घेतली आणि पदराच्या टोकात बांधली. गाठ बसेना, तशी सोडून पुन्हा बांधली.

“फुडच्या बाईचं इचारून लिवा,” ती म्हणाली.

मायाप्पा तांब्या घेऊन आला.

“काय म्हनत हुते मास्तर?”

“मलम कसं लावायचं त्ये.”

तो तिच्याशेजारी बसला. तांब्या त्याने तिच्या हातात दिला.

“माझ्यामुळं झालं गं ह्ये,” तो म्हणाला.

“उशीर तुमी केला न्हाई.”

मायाप्पाने मुंडाशाच्या शेवाने डोळे पुसले आणि ज्ञानूकडे वळून कसंनुसं हसला.

“अशी हाय बगा ही. माझं मन राखायला बोलती. व्हय का न्हाय, मास्तर?”

चंद्रव्वा पाणी पीत होती. तिने वर बघितलं नाही.

ज्ञानूने होकारार्थी मान हलवली.