शेवटची रांग

बस ताईची, चालवणारही ताईच, आणि आज आरटीओच्या तपासणीत बस पास व्हायलाच हवी होती. सोमवारपासून कारखान्याच्या कामगारांची ने-आण तिला मिळायची होती. अट एकच: अख्खी शिफ्ट एका खेपेत आली पाहिजे. आता बस काय रबराची असते? पण ताईचा धाकटा भाऊ वेल्डर, आणि त्याला ठिणगी म्हणतात ते उगाच नाही. त्याने मागे एक जास्तीची रांग बसवली, तीही बोल्टने नाही, थेट वेल्डिंग मारून. सात जन्म हलणार नाही, म्हणाला.

इन्स्पेक्टर आले, सीटा मोजल्या आणि मान हलवली. सीटा वाढल्या की बाहेर पडायच्या वाटाही वाढायला हव्यात, आणि इथे संकटकाळची खिडकी एकच. ठिणगीने वाद घातला की खिडकी ऐसपैस आहे, म्हैससुद्धा निघेल. इन्स्पेक्टर हसले. म्हैस राहू दे, म्हणाले, पुढचं दार बंद धरून ठरल्या वेळेत माणसं काढून दाखवा.

मग काय, वर्कशॉपमधले झाडून सगळे, शेजारीपाजारी, मामा-मामी, दिसेल त्याला आत कोंबलं. आईचे गुडघे दुखतात म्हणून तिला खिडकीला अगदी लागून बसवलं. शिट्टी वाजली आणि एकच झुंबड उडाली. मामांचं पोट खिडकीत अडकलं. मामी मागून ढकलत होती आणि ढकलता ढकलता लग्नापासूनचा सगळा हिशेब चुकता करत होती. खाली उभ्या ताईला हसून हसून ठसका लागला.

वेळ संपली तरी आत माणसं होतीच. आई तर जागची हललीही नव्हती. पाय पोटाशी घेऊन सगळ्यांना वाट करून देत होती.

"आई, तू का नाही उतरलीस? पहिली तूच होतीस ना?"

"अगं, लोकांना जाऊ दे आधी. माझं काय, मी येते मागून."

जेवायला बसतानाही तिचं हेच असायचं. ताईचं हसू पार मावळलं. खरोखर धूर झाला असता तरी आई हेच म्हणाली असती.

ठिणगी दुसरी खिडकी कापतो म्हणाला, पण तिच्या मंजुरीतच महिना गेला असता. ताईने ग्राइंडर उचलून त्याच्या हातात दिला.

"रांग काप."

"आणि कारखाना?"

"दोन खेपा मारीन म्हणते. नाही म्हणाले तर नाही."

कारखान्यातून नाहीच म्हणाले. अगदी गोड बोलून, पण नाही. ताई फोन ठेवून पायरीवर बसली आणि चांगली पोटभर रडली. आत रांग कापताना ठिणगीला घाम फुटला होता.

कापलेल्या रांगेतली माणसं वगळून बाकी सगळे पुन्हा बसले. शिट्टीआधी ताईने आईला बजावलं, "या वेळी पहिली तू. तू उतरल्याशिवाय कोणी हलणार नाही."

आई कुरकुरत उतरली आणि लगेच मागे वळली, कोणी राहिलंय का बघायला. बस पास झाली. ताईने आईचा हात सोडला नाही.